दारामागची तार

पंच्याऐंशी साली मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात वत्सलाच्या आजूबाजूला चार बायकांच्या खाटा होत्या. घरी गेल्यावर त्या चौघींची पोस्टकार्डं मालवणात येऊन थडकू लागली. गव्हांकुराचा रस घे, वांगं सोड. एक म्हणे दूध पी, दुसरी म्हणे दुधाला शिवूही नकोस. सगळ्यांचं ऐकायचं तर जेवायचं काय? पण दुखण्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं! वत्सला प्रत्येकीला 'करून बघते' एवढंच कळवायची आणि कार्ड दारामागच्या तारेला ओवून ठेवायची.

तीन वर्षांनी जवळच्या तोंडवली गावची शमीम स्वतःचा कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन दारात आली. वत्सलाने तिला बसवलं आणि तार काढून तिच्या मांडीवर ठेवली. शमीमने एकेक कार्ड चाळलं आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"इतकी कार्डां! म्हणजे सगळ्यो बऱ्यो झाल्यो मां, गो?"

"तू सावकाश वाच," वत्सला म्हणाली.

मरणाची खबर आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत; त्या चौघींची तसली चारही वत्सलाने वाचल्या वाचल्या उंबऱ्याबाहेर फाडून टाकली होती.