निळा दरवाजा

"हळू उतरवा रे, कोपरा नका ठोकू!" गजेंद्रबाबू ओरडले आणि माल वाहायच्या गाडीतून दरवाजा खाली आला. लोखंडी, निळा, नवाकोरा, आतून कडी असलेला. पोरं वर्गातून उठून धावली. गायत्री मॅडमनं त्यांना थांबवलं नाही. ती स्वतःच धावत होती.

पत्र लागू पडलं होतं! या शाळेत कोणाचं पत्र कधी लागू पडलं होतं काय? मध्य प्रदेशातल्या सौंसरपासून बारा किलोमीटर आत गाव. गायत्री तिथं अतिथी शिक्षिका, म्हणजे दर वर्षी यादीत नाव आलं तर नोकरी, नाही तर घरी बसा. घरात तेवढाच एक पगार. आणि पोरांचं लिहिणं म्हणजे गाईडमधून उतरवणं. गायीवरचा निबंध सतरा वह्यांत, आणि सतराही गायी सारख्या. चौथीतली तृप्ती तर तोही अर्धाच उतरवायची. "वाचते कोन, मॅडम?" ती विचारायची.

म्हणून श्रावणात एक दिवस गायत्रीनं सगळ्यांची गाईडं बंद करायला लावली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आधी वाचणारा पाहा, मग लिहा.'

"मोठ्या साहेबांना चिठ्ठी लिहा," ती म्हणाली. "साहेब तुमच्यासमोर बसून वाचून राहिले, असं समजा."

तृप्तीची चिठ्ठी शाळेच्या हिंदीत सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीत घरच्या बोलीत आली. 'पोरीच्या संडासले दरवाजा नाही. एक आत गेली का दुसरी बाहेर ओढनी धरून उभी राह्यते. रश्मी शाळेत आली नाही का त्या दिवशी मी पानी पेत नाही.' गायत्रीनं ती चिठ्ठी तीनदा वाचली. तिला रडू आलं आणि आनंदही झाला. सतरा चिठ्ठ्या एका पाकिटात घालून तिनं पाठवून दिल्या.

तीन महिने काही नाही. पोरांनी विचारणं सोडलं. तृप्ती पुन्हा गाईड उघडून बसली. आणि आज हा दरवाजा.

"साहेबांनी एकेक चिठ्ठी वाचली बरं," साहेबांच्या ऑफिसातले गजेंद्रबाबू सांगत होते. "तृप्ती कोन हाय? तिनं तं रडवलंच म्हने त्याईले."

"खरंच वाचली?" तृप्तीनं विचारलं.

"मंग! साऱ्या ऑफिससमोर वाचली."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. रश्मी नेमकी आज आली नव्हती, नाही तर तृप्तीनं तिला मिठीच मारली असती.

दोन माणसांनी दरवाजा उचलून संडासाच्या चौकटीत उभा केला आणि हात दिसू नयेत म्हणून आतूनच धरून ठेवला. गजेंद्रबाबूंनी पोरींना पुढं रांगेत उभं केलं, तृप्तीला मधोमध. मोबाइलवर दोन फोटो काढले, नीट आले का ते पाहिलं.

"झालं. चढवा गाडीत," ते म्हणाले.

"गाडीत?" गायत्रीला कळेचना.

"आज अजून चार शाळा हायेत ना, मॅडम. दरवाजा एकच हाय."

"आणि आमचा?"

"येईन ना मागून." ते दुसरीकडे पाहत म्हणाले आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. "तक्रार चिठ्ठ्यानं आली, तं बंद बी चिठ्ठ्यानंच होईन. पोराईच्या हातचं पाहिजे. दरवाजा लागला, धन्यवाद. बस."

"अहो, लहान पोरं हायेत. त्यांना खोटं लिहायला सांगू काय मी?"

"औंदा यादीत नाव हाय ना तुमचं?" त्यांनी विचारलं. तब्येत विचारावी तसं, अगदी मायेनं.

लाज त्या माणसाला वाटायला हवी होती. वाटली गायत्रीला. आणि तरी ती कागद घेऊन वर्गात गेली. फळ्यावर तिनं एकच ओळ लिहिली, 'दरवाजा लागला. धन्यवाद.' रश्मीचा कागद तिनं स्वतःच डाव्या हातानं लिहून टाकला. पोरांनी ओळ मुकाट्यानं उतरवली. उतरवायची सवय होतीच.

तृप्तीनं मात्र फळ्याकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून ती लिहीत सुटली. एक पान भरलं, मागचं अर्धं भरलं. गायत्री तिच्याकडे निघाली आणि मध्येच थांबली. ही पोरगी खरं लिहिणार. लिहू नये, नोकरी जाईल. आणि लिहावं. देवा, एकीनं तरी लिहावं!

गजेंद्रबाबूंनीच तो कागद आधी उचलला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला. "वा! हे सगळ्यात वर लावतो." त्यांनी तो गायत्रीपुढं धरला.

'साहेब, दरवाजा लय सुंदर हाय. निळा हाय. आतून कडी लावली का टक् आवाज येते. आता कोनाले ओढनी धरा लागत नाही. रश्मी आली नाही तरी मी पोटभर पानी पेतो. तुमी लय चांगले हा.'

गाडी दरवाजा घेऊन गेली. गायत्री तृप्तीच्या बाजूला खाली बसली. दप्तराला टेकून तिची पाण्याची बाटली उभी होती, सकाळी भरलेली, काठोकाठ.

"हे काय लिहिलं, बाई?" तिनं कसंबसं विचारलं. "असं कोनी शिकवलं तुले?"

तृप्तीला नवलच वाटलं.

"तुमीच तं शिकवलं, मॅडम. आंधी वाचनारा पाहाचा, मंग लिहाचं."