भांडणाची तालीम

नथ दिसली तशी जयमालाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मोतीबिंदू काढल्यानंतरचा, जाड भिंगांचा नवाकोरा चष्मा. चुकीचं दिसायला वावच नव्हता. वैजयंतीबाईंच्या नाकात नथ होती आणि तिच्या खालच्या मोत्याचा टवका उडालेला होता.

तो टवका जयमालाबाईंच्याच हातून उडाला होता. नवी नवरी असताना, पेणच्या घरात, गौरीच्या आदल्या दिवशी सासूबाईंची नथ रिठ्याच्या पाण्यात धुताना. त्या वर्षी बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी नथच नाहीशी झाली आणि मग जे खायला मिळालं त्याला बोलणी म्हणत नाहीत. माजघरात त्यांची ट्रंक उपडी केली, लुगडी झटकली, समईवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. धाकटी नणंद वैजयंती दारात उभी राहून सगळं बघत होती. कोठीच्या किल्ल्या जयमालाबाईंना कधी मिळाल्या नाहीत. नवरासुद्धा गेल्या वर्षी जाता जाता म्हणाला, "आता तरी सांग, कुठे ठेवलीस?" तेव्हाही वैजयंतीबाई आपल्या दादाच्या उशाशीच होत्या.

"अगं बाई, वहिनी! तू आलीस?" वैजयंतीबाईंचा हात आपोआप नाकाकडे गेला. "डॉक्टरांनी हलू नको सांगितलं होतं ना? दिसतं का आता?"

"दिसतं," जयमालाबाई म्हणाल्या. "सगळं दिसतं."

नेरूळच्या त्या सोसायटीत झाडं अजून गुडघ्याएवढी होती आणि शेजाऱ्यांच्या ओळखीही तेवढ्याच. मुलं-सुना ऑफिसला गेल्या की म्हाताऱ्यांनी भिंतींशी बोलायचं. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या नंदिनीने दर गुरुवारी दुपारी हॉलमध्ये त्यांना गोळा करून मंगळागौरीचे खेळ सुरू केले होते. विधवांनी खेळावं का, असं कुणी तरी कुजबुजलं, तेव्हा ती म्हणाली होती, "झिम्म्याला कुंकू लागत नाही, तळवे लागतात." रविवारी वाशीला स्पर्धा होती. आज रंगीत तालीम, म्हणून सगळ्या नटून आल्या होत्या.

त्यांचा हुकमी खेळ म्हणजे नणंद-भावजयेचं भांडण. या दोघी खऱ्याच नणंद-भावजय, म्हणून नंदिनीने जोडी लावली आणि गंमत म्हणून सोंगं उलटी दिली. जयमालाबाई नणंद, वैजयंतीबाई भावजय. नणंदेने तुपाची लोटी कुठे गेली म्हणून विचारायचं, भावजयेने टाळीच्या ठेक्यात उत्तर द्यायचं. जी अडकेल तिने कान धरायचे.

टाळ्या सुरू झाल्या. जयमालाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"वहिनी, वहिनी, सासूची नथ कुठं गेली?"

ठेका जरा चुकला. मग काही नवं सुचलं असेल म्हणून बायकांनी तो पुन्हा धरला. "सांग गं सांग!"

"मला गं बाई ठाऊक नाही," वैजयंतीबाईंनी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"फडताळात होती, कुणी उचलली?"

"सांग गं सांग!"

"मांजरीनं नेली असेल." हेही पाठच होतं, पण तुपासाठी.

"मांजर नथ घालते होय!" घोळक्यातल्या मालतीबाई ओरडल्या आणि हॉल हसून लोटपोट झाला.

जयमालाबाई हसल्या नाहीत. त्या आणखी एक पाऊल पुढे आल्या. "त्या मांजरीचं नाव काय?"

"सांग गं सांग! सांग गं सांग!"

टाळ्या थांबेनात. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले. "हरली, हरली!" बायका ओरडल्या.

"काकू, तुपापेक्षा हे झकास!" नंदिनी म्हणाली. "रविवारी अस्संच करायचं."

बायका चहाकडे वळल्या तशी वैजयंतीबाईंनी जयमालाबाईंना मागच्या नळापाशी गाठलं. नथ काढून त्यांच्या हातात कोंबली.

"घे वहिनी. आई ती तुला देणार होती, मला नाही बघवलं. पण रविवारी तूपच म्हण. माझी सून येणार, व्याही येणार, सगळं पेण येणार आहे गं बघायला."

"म्हणूनच तूप म्हणणार नाही."

"मग मी येतच नाही. पाय मुरगळला म्हणून सांगेन."

"नका येऊ. दोन्ही बाजू पाठ आहेत मला. दोन्ही मीच बोलेन. मांजरीचं नावही घेईन."

वैजयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जयमालाबाईंनी ते नीट पाहून घेतलं. चाळीसएक वर्षं त्यांना तेच पाहायचं होतं आणि आता पाहून फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

त्यांनी नथ पदराने पुसली. गौरीच्या दिवशी लहानग्या नणंदेची वेणी घालताना धरायच्या तशी तिची हनुवटी धरली, तार नाकात ओवली आणि वाकवून घट्ट केली.

"हलू नका, वन्सं," त्या म्हणाल्या. "सगळ्या पेणला दिसली पाहिजे."