समुद्रानं परत दिलेला

बाकीचे प्रवासी धक्क्यावर उतरून फोटो काढायला लागले, तरी तो म्हातारा बोटीतच बसून होता.

"आजोबा, उतरताय ना?" मारित नावाची सहलीची तरुण वाटाडी म्हणाली. "आमच्या स्टुरविक गावाला रस्ता नाही हं. बोट चुकली तर परवापर्यंत आमचे पाहुणे."

"उतरतो," तो म्हणाला. पण कठड्यावरचा हात काही सुटेना.

तिन्ही बाजूंनी काळे कडे सरळ पाण्यात उतरले होते. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर मूठभर लाल घरं, मासे वाळवायच्या लाकडी मांडण्या आणि चढावर पांढरं चर्च. कड्यांमध्ये शिरलेल्या त्या खाडीचं, फ्योर्डचं, पाणी हलत नव्हतं. म्हातारा खोकला, तर समोरच्या कड्यातही कुणीतरी खोकलं.

मारित सगळ्यांना वाफल खायला समाजघरात घेऊन गेली. तो मात्र कुणालाही वाट न विचारता दफनभूमीकडे चढला.

तिथे एक म्हातारी गुडघे टेकून एका थडग्याभोवतीचं गवत कात्रीनं कापत होती. दगडावर नाव होतं, आस्लाक. त्याखाली कोरलं होतं, 'समुद्रानं नेला, समुद्रानं परत दिला.'

"बोटीनं आलात वाटतं," ती म्हणाली. "टेका जरा. चढ दमवतो."

तो शेजारच्या कट्ट्यावर बसला. "तुम्ही याच्या कोण?"

"बायको. गुन्वोर. आणि तुम्ही?"

"नील्स. बर्गनला असतो. तरुणपणी आस्लाकची ओळख होती. इकडे सहल निघाली, म्हटलं बघून यावं."

"जरा उशीरच केलात." ती हसली. "चाळीस वर्षं झाली."

"कसं झालं?"

"फेब्रुवारीतलं वादळ. मासेमारीची बोट पहाटे गेली, ती गेलीच. बाकीचे कुणी हाती लागले नाहीत. हा एकटा पलीकडच्या खाडीत सापडला. चेहरा ओळखू येत नव्हता. पण अंगात मी विणलेला स्वेटर होता."

पाहुण्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्यावरून ओळखलंत?"

"पाद्र्यानं विचारलं, हाच का? मी हो म्हटलं." कात्री चालूच राहिली.

"फार सोसलं असेल तुम्ही."

"छे! बुडालेल्याची बायको म्हणजे गावाची लेक. हिवाळाभर दारात मासे, सरपण. पुढे शाळेत स्वयंपाकाचं काम दिलं. मुलीला वाढवलं."

"मुलगी?"

"तो गेला तेव्हा पोटात होती. मलाही ते नंतरच कळलं. तुमच्या बोटीवरची ती बडबडी मारित आहे ना, ती तिचीच पोर."

पाहुणा खाली समाजघराकडे बघत राहिला. तिथून हसण्याचा आवाज येत होता.

"हाल झाले ते ओडलौगचे." गुन्वोरनं कात्रीनंच उतारावरच्या एका पिवळ्या घराकडे दाखवलं. "तिचा येरमुन त्याच दिवशी नाहीसा झाला. कोवळा पोरगा. दक्षिणेला जाणारी आगबोट त्याच पहाटे सुटली होती. लोक म्हणाले, आईला टाकून पळाला. पळपुट्याची आई, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. मासे जायचे माझ्या दारात, तिच्या दारात टोमणे."

"अजून आहे ती?"

"आहे की! नव्वदी उलटली. बोटीचा आवाज आला की खिडकीत येऊन उभी राहते. 'माझा येरमुन न सांगता जाणारा नव्हे,' म्हणते. मग बोट रिकामी झाली की पडदा ओढून घेते. आजही उभी असेल."

पाहुण्यानं मान खाली घातली.

खाली बोटीनं भोंगा दिला. कड्यांनी तो एकमेकांकडे टोलवत नेला. पाहुणा उठला, त्यानं दगडावर हात ठेवला.

"चांगलं जपलंत," तो म्हणाला.

"जपायलाच हवं होतं. निष्पाप जीव."

"येतो मी."

"या. पायऱ्या निसरड्या आहेत, सांभाळून."

तो फाटकापर्यंत गेला. धक्क्यावरून मारित हात हलवून त्याला बोलवत होती. पिवळ्या घराच्या खिडकीचा पडदा अजून उघडा होता. तो त्या घरासमोरची वाट सोडून मांडण्यांच्या मागच्या वाटेला वळला.

"तिकडून नको, आस्लाक," गुन्वोर मागून म्हणाली, आवाज जराही न चढवता. "तिच्या दारावरून जा. तुझा स्वेटर घालून तुझ्या जागी बोटीवर गेलेला तिचा येरमुन इथे माझ्यापाशी निजलाय, हे चाळीस वर्षं माझ्या तोंडून निघालं नाही. आता तू सांग."