कसरीला दिलेली घोंगडी

मल्हारीची काळी घोंगडी त्याच्या भावाला, कोंडिबाला हवी होती. बापानं कातलेल्या लोकरीची होती ती. पण दिराचं नाव निघालं की झुंबरबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याच्या दहाव्यालाच तिनं सगळ्यांदेखत सुनावलं, "कसरीच्या घशात घालीन भावजी, पण तुमच्या अंगावर पडू देणार न्हाई!"

आणि हट्टानं, कसर लागू नये म्हणून घालतात तो लिंबाचा पाला न घालताच, तिनं घोंगडी पत्र्याच्या पेटीत कोंडली.

वर्षानं भर दुपारी अंगणात पेटी उघडली, तशी कसरीची बारीक पिवळी पाखरं भुर्रकन उडाली. मेंदीनं तांबडे झालेले केस पदराखाली सारून झुंबरबाईनं घोंगडी झटकली, उन्हाकडं धरली. एक भोक नव्हतं.

"बघ, तोंडसुद्धा लावलं न्हाई," ती सुनेला म्हणाली.

स्नेहल पेटीच्या झाकणाकडं बघत होती. आतल्या बाजूनं ते कसरीच्या कोषांनी गच्च भरलं होतं.

"आत्या, कसर जे खाती त्याच्याच रंगाचा कोष करती ना?"

"व्हय. काळी लोकर खाल्ली तर काळा."

"हे तर तांबडं हायेत."

झुंबरबाईचा हात पदराखाली, मागं आंबाड्यावर गेला. आंबाडा हाताला पोकळ लागला.