सतरा टक्के

"बॅटरीला पंख्याचा वारा आणि बायकोला घामाच्या धारा! पुढच्या जन्मी बॅटरीच होईन म्हणते," स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको पुटपुटली. पुटपुटली म्हणजे, त्याला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आत्ताच बाहेरून आलीय ती. जरा निवू दे."

"लेकही आत्ताच बाहेरून आलीय. तिला विचारलंत पाणी?"

तो हसला. बॅटरीला हाताचा मागचा भाग लावून पाहिला. कोमटसुद्धा नव्हती. तरी नियम म्हणजे नियम. गाडीतून काढलेली बॅटरी पाऊण तास तशीच ठेवायची, मग चार्जर लावायचा.

एकतीस वर्षं त्याने कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. दर तासाला काट्याकडे बघायचं, आकडा वहीत लिहायचा. काटा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्याचं आवडतं वाक्य. एकतीस वर्षं आणि तीही हंगामी. कायम केल्याचं पत्र यायच्या आतच कारखान्याला कुलूप लागलं. मग गुडघे गेले. तिसऱ्या मजल्यावरून तो शेवटचा खाली उतरला, त्याला दोन वर्षं होऊन गेली.

पण लेकीला, चिंगीला, काम लागलं आणि बॅटरी सांभाळायचं त्यालाही लागलं. तिने घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचे. त्यासाठी ही विजेवरची स्कूटर. गाडी खाली, बॅटरी वर. चिंगी संध्याकाळी ती उचलून आणायची आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवायची. या महिनाअखेरीला तिचं वर्ष भरणार होतं. कायमचं पत्र मिळणार होतं. घरातलं पहिलं. त्यासाठी त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून एक खिळा मोकळा करून ठेवला होता.

चिंगी हातपाय धुवायला गेली तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. शाळेत शिकवायच्या. त्यांनीही नुकतीच तसलीच गाडी घेतली होती.

"काका, माझी बॅटरी आत्ताच रडायला लागली. झोपताना लावते, सकाळी काढते."

"झोपताना?" त्याने कपाळावर हात मारला. "बाई, बॉयलर पेटवून कुणी झोपतं का? जागं असताना लावायची. फरशीवर. पडदा, गादी, कागद जवळ नको. दाराच्या वाटेत तर मुळीच नको, उद्या काही झालं तर पळणार कुठून? चार्जर तिचाच, उसना नाही. वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही आणि ऐंशी झाले की काढायची. पोट तुडुंब भरलं की माणसाला सुस्ती येते, बॅटरीचं आयुष्य घटतं."

"आणि लांब जायचं असेल तर?"

"आमची चिंगी पूर्वी असाच हट्ट करायची. बाबा, आज लांबची फेरी आहे, शंभर करा. मी नाही बधलो. आता पाच महिन्यांत अवाक्षर नाही. शहाणी झाली." त्याने बॅटरीची वही उघडली. "हे बघा. आधी रोज साठ टक्के जायचे, कधी पंचावन्न. आता? सतरा. सतरा. अठरा. सतरा. फेऱ्या त्याच, गाडी तीच. जपणुकीचा गुण, दुसरं काय?"

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग दारातल्या बायकोकडे. बायकोने पदराने गळा पुसला.

"तुमची गाडी माझ्या गाडीच्या शेजारीच असते," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "छान आहे हो गाडी."

"उद्या मला घेऊन चला."

"कुठे?"

"लॅबमध्ये. चिंगीच्या साहेबांना वही दाखवतो. त्यांच्या सगळ्या गाड्यांना ही पद्धत लागू केली तर किती फायदा! आणि जाता जाता कायमच्या पत्राबद्दलही शब्द टाकतो. बसून बसून जिना उतरेन."

"उद्या... उद्या मला शाळा आहे, काका."

"उद्या रविवार आहे. शाळा बंद, लॅब चालू."

बाई काहीतरी गॅसवर ठेवल्याचं सांगून घाईने निघून गेल्या.

टॉवेलने हात पुसत चिंगी बाहेर आली. तिच्या बोटांच्या पेरांवर टोचल्याच्या बारीक खुणा होत्या.

"सुयांशी खेळ आहे बाई तुझा," तो म्हणाला. "हातमोजे घालत जा. आणि ऐक, उद्या तुझ्या साहेबांकडे येतोय मी."

"बाबा, नको."

"लाज वाटते बापाची?"

"तसं नाही. साहेब भेटत नाहीत कुणाला."

"मला भेटतील. असा आकडा त्यांनी जन्मात पाहिला नसेल." तो भिंतीला धरून उठला, कपाटातून जुना इस्त्रीचा शर्ट काढला, खांद्याला लावून बघितला. शर्ट ढगळ झाला होता. "रिक्षाने जाईन. तुमच्यापैकी कुणी आलं नाही तरी जाईन. माझं पत्र मागायला कुणी गेलं नाही, म्हणून ते आलं नाही. तुझं मी मागून आणणार."

चिंगीने आईकडे पाहिलं. मान अगदी थोडी हलवली. नको.

बायकोने पुढे येऊन पंखा बंद केला.

"पुरे झालं, चिंगे. उद्या हे तीन मजले ढुंगणावर उतरून तिथे जाणार आणि परक्याच्या तोंडून ऐकणार."

"आई!"

"काय ऐकणार?" त्याने विचारलं.

"तिला काढून टाकलंय, पाच महिने झाले. लांबच्या फेरीला भर उन्हात, अर्ध्या वाटेत बॅटरी संपली आणि पेटीतले सगळे नमुने वाया गेले. आता ती मागच्या गल्लीत पिशव्या शिवायला चालत जाते. गाडी तेव्हापासून जागची हललेली नाही. सकाळी जाताना तिचा पुढचा दिवा लावून ठेवते आणि संध्याकाळी येऊन विझवते. बॅटरी थोडी तरी रिकामी व्हावी, तुम्हाला भरायला काहीतरी असावं, म्हणून."