दुसऱ्या अंकातलं द्वंद्वगीत

शिलाईकाम करताना काकू रोज एकच रेकॉर्ड लावायच्या, एका जुन्या संगीत नाटकाची, मूळ नटसंचानं गायलेली. “लागलं का तुझं रडगाणं!” म्हणत काका दार आपटून बाहेर जायचे. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस पार मुका झाला. आज त्यांना सूप भरवताना काकूंनी हळूच रेकॉर्ड लावली. दुसऱ्या अंकातलं द्वंद्वगीत सुरू झालं आणि काका चक्क गाऊ लागले. घोगरा आवाज, पण शब्दन् शब्द बरोबर. काकूंच्या चमच्यातलं सूप उशीवर सांडलं. “अहो, तुम्हाला हे पाठ आहे?” त्यांनी धडपडत रेकॉर्ड थांबवली. काका थांबले नाहीत. एकटेच, ताल न सोडता, कडव्याच्या शेवटापर्यंत गेले. पुढची ओळ नायिकेची होती. भुवई उंचावून ते काकूंकडे बघत राहिले.