न दाखवलेले मासे

ते दोन हजार एकवीस साल. खुटबावच्या इंद्रजीतच्या घरी दौंडहून काचेची टाकी आली आणि त्याच्या नव्या बायकोनं, तेजश्रीनं, ती बाहेरच्या खोलीत मांडली. त्या घरात भांडी गेलेल्या सुवर्णाची, कपाट सुवर्णाचं, दारापुढची तुळससुद्धा सुवर्णानं लावलेली. टाकी तेवढी तेजश्रीनं हट्टानं मागून घेतली होती. लहानपणी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एका कापडदुकानात अशी टाकी होती. आई साड्या बघायची आणि ही मासे.

सुवर्णा म्हणजे इंद्रजीतची पहिली बायको. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला आणि तिला वर येता आलं नाही. दुसरेपणावर आलेल्या बाईनं गेलेलीचा टाक गळ्यात बांधायचा, ही त्या घरची जुनी रीत. नखाएवढी चांदी, तिच्यावर उठवलेली बाई, काळ्या दोऱ्यात ओवलेली. नवं काही आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण वापरायचं. तेजश्रीनं साड्या दाखवल्या, बांगड्या दाखवल्या. चपलांना तेवढी सूट होती.

इंद्रजीतनं दुधाच्या किटल्यांतून पाणी आणून टाकीत ओतलं आणि तो गोठ्याकडं गेला. तेजश्रीनं खडे निवळ पाणी निघेपर्यंत धुतले होते. तिनं प्लास्टिकची झाडं रोवली, हीटर आणि हवेचा पंप लावला. माशांची पिशवी दुकानदारानं सांगितलं तशी न फोडता पाण्यावर तरंगत ठेवली. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की मगच मासे सोडायचे.

तिची सासू साखरबाई उंबऱ्याशी घेवडा मोडत बसली होती.

"गप्पी व्हय गं हे? दवाखान्यातली माणसं हौदात फुकट सोडून जात्यात. इकत कशाला आणलं?"

"ते डास खायला असत्यात, आत्या. हे बघायला हायेत."

"बघायला." साखरबाईनं एक शेंग मोडली. "मग आधी तिला दाखव."

तेजश्रीचा हात गळ्याशी गेला आणि तसाच खाली आला.

"ही काय साडी हाय का? माशांचं तिला काय करायचंय? एवढं एक माझं असू द्या."

साखरबाई शेंगा मोडत राहिली. तेजश्रीनं टाक पोलक्याच्या आत सारला आणि पिशवीची गाठ सोडली.

काळ्या मोल्या आणि लालसर गप्पी टाकीत उतरले. नव्या जागी मासे बिथरतात, कोपऱ्यात दडतात, असं दुकानदार म्हणाला होता. हे दडले नाहीत. सगळे पुढच्या काचेशी आले आणि तेजश्रीकडं तोंड करून उभे राहिले.

ती डावीकडं सरकली. मासे वळले. ती उजवीकडं आली. तेही आले.

"मला वळखत्यात, आत्या," ती म्हणाली आणि हसली. लग्न होऊन आल्यापासून ती त्या घरात अशी हसली नव्हती.

दाणा टाकायला ती वाकली तसा टाक बाहेर लोंबला आणि काचेवर वाजला. टक्क. सगळी तोंडं त्या जागी येऊन टेकली. वर दाणा तरंगत राहिला, त्याकडं एकानंही पाहिलं नाही. तेजश्री होती तिथंच उभी राहिली. टाक फक्त चिमटीत धरून तिनं हात बाजूला नेला. मासे हाताबरोबर गेले.

तेवढ्यात वीज गेली. पंप थांबला, बुडबुडे थांबले. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

तेजश्रीनं गळ्यातला दोरा सोडला. भिंतीपलीकडं देवघर होतं, तिथं टाक ठेवून ती परत आली. मासे मागच्या काचेशी गेले होते. तोंडं देवघराकडं.

इंद्रजीत हात पुसत आत आला.

"पाणी कुठलं आणलं हो?" तेजश्रीनं विचारलं.

"शेततळ्यातलं. दुकानदारच म्हनला, नळाच्या पाण्यात औषध असतंय, बोअरला क्षार. उन्हात पडून ऱ्हायलेलं पाणी घ्या म्हनला. का, गढूळ हाय का?"

पाणी गढूळ नव्हतं. चांगलं नितळ होतं.

साखरबाईनं मांडीवरचे देठ झटकले. "दाखवायचं ऱ्हायलं म्हणून जिवाला घोर लावू नको, तेजू. तिच्याच घरात नेऊन सोडलंस तू त्यास्नी."

इंद्रजीतनं पुढच्या उन्हाळ्यात शेततळं बुजवलं. तिथं आता कांदा असतो. साखरबाई दुसऱ्या वर्षी गेली. आजारात तिनं आपली खाट टाकीपासून लांब, स्वयंपाकघरात हलवायला लावली होती. टाकी मात्र होती तिथंच आहे. मोल्यांना पिलं होत राहिली. पाणी आटलं की वरून थोडं घालतात, सगळं कधी काढत नाहीत. तेजश्री रोज आधी टाक काचेला टेकवते, मग दाणा टाकते. तोवर मासे वर येत नाहीत.

साखरबाईच्या मागं तेजश्रीला मुलगी झाली. ती तिनं टाकाला दाखवली नाही. दाखव म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

परवा ती पोर धरून धरून चालत आली आणि टाकीच्या एका टोकाला उभी राहिली. तेजश्री दुसऱ्या टोकाला होती. तिनं नेहमीसारखा टाक काचेला टेकवला आणि वाट पाहिली. मग पुन्हा टेकवला, जरा जोरानं.

मासे तिच्याकडं आले नाहीत. सगळे पोरीसमोर जाऊन उभे राहिले. पोर त्यांच्याकडं बघून हसली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशी.